वाचकांचे प्रश्न : जुन्या वेगवान गाड्यांचे वाढते भाव आणि मिस्त्रीशी जुळलेले नाते

जुन्या गाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे या अंकात देत आहे. चारही पत्रे नागपूरची आहेत आणि प्रत्येकाच्या मुळाशी एकच अस्वस्थता आहे. ज्या गाड्यांना पंधरा वर्षांपूर्वी कोणी विचारत नव्हते त्यांना आता भाव आला आहे, आणि त्या भावामुळे मित्र, मिस्त्री व ग्राहक यांच्यातले जुने व्यवहार बदलू लागले आहेत. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. २००९ मध्ये मी ती दुसऱ्या मालकाकडून घेतली. तेव्हा आम्ही सात-आठ जण अशाच गाड्यांचे शौकीन होतो. रविवारी पहाटे फुटाळा तलावावर भेटायचे, रामटेकला जाऊन नाश्ता करायचा आणि ऊन चढण्याआधी परत यायचे, असा आमचा नेम होता. आता दोघांनी गाड्या चांगल्या भावाने पुण्या-बंगळुरूकडे विकल्या. एकाने तीन गाड्या घेऊन, रंगवून विकल्या. आम्ही ज्यांना उस्ताद म्हणतो त्या मिस्त्रींकडे मी सुरुवातीपासून जातो. हल्ली ते विक्रीसाठी आलेल्या गाड्या आधी हाती घेतात. माझी गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि मजुरीही जवळपास दुप्पट लागली. मी दुसरीकडे गेलो तर ती बेइमानी ठरेल का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमच्या गाडीला हा भाव का आला, हे आधी पाहू, कारण उस्तादांच्या वागण्याचे मूळही तिथेच आहे. होंडा सिटी आपल्याकडे १९९८ मध्ये आली आणि व्हीटेक इंजिनाची आवृत्ती २००० मध्ये. दीड लिटरचे इंजिन, १०६ अश्वशक्ती आणि हजार किलोंच्या आसपास वजन असा मेळ त्या काळी सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातल्या दुसऱ्या गाडीत सापडणे कठीण होते. २००३ मध्ये नवी सिटी आली तेव्हा कंपनीने सगळा भर मायलेजवर दिला आणि तिच्या इंजिनाची ताकद ऐंशी अश्वशक्तीच्याही खाली गेली. त्यामुळे जुनी व्हीटेक जेमतेम तीन-चार वर्षांच्या उत्पादनात अडकून राहिली. त्यातल्या कित्येक गाड्या अपघातात गेल्या, कित्येकींचे सुटे भाग काढून सांगाडे भंगारात गेले, कित्येकींनी पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या वेळी माना टाकल्या. दुसरीकडे, तेव्हा कॉलेजच्या पार्किंगमध्ये ही गाडी नुसती पाहत उभी राहणारी मुले आज चाळिशीत आली आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे. भाव वाढण्यामागे यापेक्षा मोठे गूढ नाही. पोर्शे कंपनीने हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची ९११ ही गाडी बनवणे १९९८ मध्ये थांबवले. त्यातल्या अनेक गाड्या बरीच वर्षे नुसत्या वापरलेल्या गाड्या म्हणून हातोहात फिरल्या आणि मग त्यांचे भाव कुठल्या कुठे गेले, तेही याच रीतीने.

आता उस्तादांकडे वळू. व्हीटेक म्हणजे काय, हे या मंडळींना ठाऊकच असते, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाचे फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक बारीक पिन सरकते, झडपा हलवणारे रॉकर एकमेकांत अडकतात आणि झडपा कॅमच्या (झडपा ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) जास्त उंच भागावर चालू लागतात. म्हणजे सगळी करामत इंजिन ऑइलच्या दाबावर उभी आहे. मागे एकदा माझ्यासमोर अशी एक गाडी आली, जी वरच्या फेऱ्यांत दम धरत नव्हती. दोन ठिकाणी तिच्या मालकाला सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी विजेवरची झडप) बदलायला सांगितले होते. वयस्क मिस्त्रींनी आधी तेल मोजण्याची डिपस्टिक पाहिली, मग सोलेनॉइड खोलून त्याखालचे गॅस्केट काढले. त्या गॅस्केटमध्ये नखाएवढी एक बारीक जाळी असते. ती त्यांनी उजेडाकडे धरली तर पलीकडचे काही दिसत नव्हते, इतका गाळ तिच्यात बसला होता. पेट्रोलने धुऊन, नवे गॅस्केट लावून गाडी तासाभरात रस्त्यावर आली. असा हात घडायला वीस वर्षे लागतात आणि तुम्ही इतकी वर्षे तो हात साध्या मजुरीत वापरत आलात. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : याआधी त्यांनी मजुरी कधी वाढवली होती? आठ-दहा वर्षे जुनेच दर चालू असतील, तर तुम्हाला दिसणारी दुप्पट ही एका दिवसातली वाढ नाही. राहून गेलेल्या अनेक वर्षांची ती वाढ आहे आणि ती त्यांनी तुमच्याकडून आधीच मागून घ्यायला हवी होती.

तीन आठवडे गाडी उभी ठेवणे मात्र मला मान्य नाही. व्यापारी आगाऊ पैसे देतो, रोज फोन करतो, त्याची निकड त्याला ओरडून सांगता येते. जुना ग्राहक आपलाच माणूस म्हणून गप्प बसतो आणि मग त्याचीच गाडी मागे राहते. बांधिलकी म्हणजे तोंड बंद ठेवणे, असा समज आपल्याकडे फार आहे आणि त्याने नाती टिकण्याऐवजी आतून कुजतात. एका संध्याकाळी, गॅरेज रिकामे झाल्यावर, चहाच्या निमित्ताने जा. मजुरीवरून घासाघीस करू नका. नवा दर मान्य असल्याचे आधी सांगा, सुट्या भागांचे पैसे आगाऊ देण्याची तयारी दाखवा आणि मग गाडी कोणत्या दिवशी घेणार व कोणत्या दिवशी देणार, एवढेच स्पष्ट विचारा. दोनदा ठरलेली तारीख चुकली तर ब्रेक, एसी, अलाइनमेंट अशी कामे दुसरीकडे न्यायला हरकत नाही, पण इंजिन त्यांच्याचकडे ठेवा आणि दुसरीकडे जाण्याआधी त्यांना सांगून जा. सांगून गेलेला ग्राहक परत येऊ शकतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्याकडे काँटेसा होती आणि माझे मिस्त्री एका लग्नासाठी महिनाभर गावी गेले होते. त्यांना न कळवता मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका चकचकीत गॅरेजमध्ये गाडी दिली. तिथे बरेच काही बदलले गेले, बिलही तसेच आले, आणि गाडी घरी येईपर्यंत मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिन अडखळत चालू लागले. मिस्त्री परतल्यावर मी खाली मान घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवूनच कार्ब्युरेटरच्या बुडाशी अंगठा टेकवला आणि इंजिनाचा आवाज जागेवर सरळ झाला. हवेची एक बारीक नळी लावायची राहून गेली होती. त्यांनी ती बसवली, हात पुसले आणि पैसे घेतले नाहीत. कुठे गेला होतात, हेही विचारले नाही. त्या न विचारण्याचे मला जितके लागले तितके त्या बिलाचे लागले नाही.

राहिला तुमचा तीन गाड्या विकणारा मित्र. व्यापार करण्यात काही गैर नाही. उलट अशा लोकांमुळेच कधी कधी शेडमध्ये सडणाऱ्या गाड्या बाहेर निघतात. माझा आक्षेप एकाच प्रथेला आहे : गाडी स्वतःच्या नावावर न चढवता, सही केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे सरकवणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार मालकी बदलाची माहिती विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. मधल्या काळात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्या मूळ मालकावर येते, ज्याने गाडी विकून पैसे केव्हाच बँकेत टाकलेले असतात. तुमच्या रविवारच्या मंडळींनी आपसात एवढा एक नियम केला की कोऱ्या फॉर्मावर गाडी द्यायची नाही, तरी बरेच मिळवले.

प्रश्न : वडील मागच्या वर्षी गेले. त्यांची १९९६ सालची काँटेसा क्लासिक १.८ जीएलएक्स घराच्या शेडमध्ये उभी आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची एक वही आहे, जिच्यात पहिल्या दिवसापासून प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, किलोमीटर आणि खर्च लिहिला आहे. मला गाडी चालवता येते, पण ही गाडी सांभाळणे जमणार नाही. तिघे जण मागत आहेत. एक व्यापारी आजच रोख देतो म्हणतो. दुसरे गृहस्थ शौकीन आहेत, पण सारखे भाव पाडतात. तिसरे म्हणजे वडिलांचे मिस्त्रीकाका, ज्यांनी बावीस वर्षे ही गाडी सांभाळली. त्यांना ती हवी आहे, पण ते देऊ शकतात ती रक्कम सगळ्यांत कमी आहे. खरा भाव कसा ठरवायचा, आणि मिस्त्रीकाकांना नाही म्हणणे योग्य होईल का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, भावाच्या आधी कागद. वाहनाच्या मालकाचे निधन झाल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुमच्याकडून ते राहिले असेल तर उशिराचा दंड भरून आधी तेच करा. वडिलांच्या नावावरची गाडी घ्यायला जो घाई करतो, त्याच्यापासून सावध राहा. दुसरे म्हणजे नोंदणीची मुदत. १९९६ ची खासगी गाडी म्हणजे पहिली १५ वर्षे २०११ पर्यंत, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण : २०१६, २०२१ आणि २०२६. ही शेवटची तारीख आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नीट पाहा. वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे, त्यात पर्यावरण कर, फिटनेस आणि सुरक्षा नंबरप्लेट हे वेगळे. नूतनीकरण झालेली गाडी आणि मुदत संपत आलेली गाडी यांच्या भावात फरक पडतो आणि घेणारे तो फरक खर्चाच्या दुपटीने कापून घेतात, म्हणून शक्य असेल तर पासिंग करूनच विका. काही जण तुम्हाला ‘व्हिंटेज’ नोंदणीचे आमिष दाखवतील. २०२१ च्या नियमांनुसार ती नोंदणी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या वाहनांसाठीच आहे. काँटेसाचे उत्पादनच १९८४ मध्ये सुरू झाले, त्यामुळे पहिल्या काँटेसालाही त्यासाठी २०३४ पर्यंत थांबावे लागेल.

आता भाव. जाहिरातीत दिसणारा आकडा हा मागितलेला आकडा असतो, आणि महिनोन्महिने तीच जाहिरात तिथेच असेल तर त्या आकड्याला कोणी घेतलेले नाही एवढेच त्यातून कळते. प्रत्यक्ष व्यवहार झालेल्या दोन-तीन गाड्यांची माहिती मिळवा, तीही विकणाऱ्याकडून. हिंदुस्थान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या मॉडेलवर बेतलेली ही गाडी २००२ पर्यंत बनवली, पण त्यातही १.८ लिटरचे इसुझू पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांनाच जास्त विचारणा असते. म्हणून आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, हे दिवसाच्या उजेडात तपासून घ्या. मग पत्रा. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीची तळजमीन आणि मागच्या काचेची चौकट येथे पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मुंबई-कोकणातल्या गाड्यांपेक्षा नागपूरच्या गाड्यांचा पत्रा कोरड्या हवेमुळे चांगला राहतो आणि किनाऱ्याकडचे शौकीन त्यासाठीच इकडच्या गाड्या शोधत येतात. आपल्या उन्हाळ्याने मात्र दारांची रबरे, होज पाइप आणि डॅशबोर्ड यांची वाट लागते. शेडमध्ये राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला नसेल, तर तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

त्या वहीचे महत्त्व तुम्हाला कदाचित भावनिक वाटत असेल. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती वही म्हणजे या गाडीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण एका माणसाच्या अक्षरात, निरनिराळ्या पेनांनी, वर्षानुवर्षे लिहिलेली ओळीमागून ओळ बनवता येत नाही. तिच्या सर्व पानांची छायाचित्रे काढून स्वतःजवळ ठेवा आणि मूळ वही गाडीसोबतच द्या. ती गाडीबरोबर राहावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या मिस्त्रीला तिचा उपयोग होईल.

मिस्त्रीकाकांचा प्रश्न तुम्हाला जड जातो आहे, हे पत्रातून कळते. गाडीचा भाव त्यांनी ठरवावा आणि त्यांनीच ती घ्यावी, हे मात्र होऊ देऊ नका. ते अप्रामाणिक आहेत म्हणून नव्हे, तर पुढे कधी तुमच्या मनात किंतु आला तर बावीस वर्षांवर पाणी पडेल. दुसऱ्या कुणा जाणकाराकडून गाडी तपासून घ्या आणि आकडा कागदावर आणा. मग मिस्त्रीकाकांना बोलावून तो आकडा दाखवा आणि सांगा की पहिला हक्क तुमचा. त्यांना तेवढे जमत नसेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर फरकाची रक्कम वडिलांच्या वतीने दिलेली भेट म्हणून सोडा, पण ती किती आहे हे दोघांनाही माहीत असू द्या. परवडत नसेल तर नाही म्हणण्यात काहीही कृतघ्नपणा नाही. अशा वेळी घेणाऱ्या शौकिनाला मिस्त्रीकाकांचा पत्ता द्या आणि गाडी त्यांच्याकडेच दुरुस्तीला जाईल असे पाहा. आजच रोख देतो म्हणणाऱ्याला उद्या या म्हणा. काँटेसा एका रात्रीत स्वस्त होत नाही.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे, बुटीबोरीला नोकरी करतो. फियाट पॅलिओ १.६ विकत घेऊन चार-पाच वर्षांनी दुप्पट भावात विकावी, असा विचार आहे. त्यासाठी पर्सनल लोन घ्यावे का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : घेऊ नये. इतक्या जुन्या गाडीवर बँका सहसा वाहनकर्ज देत नाहीत, म्हणून तुम्ही पर्सनल लोनकडे वळला आहात, आणि त्याचे व्याज गाडीचा भाव वाढण्याची वाट पाहत थांबत नाही. त्यात विमा, नूतनीकरण, टायर आणि उभ्या गाडीची बॅटरी मिळवा. भाव चढतो तसा पडतोही. एन्झो फेरारी यांचे ऑगस्ट १९८८ मध्ये निधन झाले, त्यानंतर फेरारी आणि इतर जुन्या वेगवान गाड्यांचे भाव जगभर भडकले, लोकांनी कर्जे काढून गाड्या घेतल्या आणि १९९० मध्ये व्याजदर व मंदीच्या तडाख्यात तो सगळा बाजार कोसळला. कित्येकांना खरेदीची किंमत पुन्हा दिसायला दशके लागली. २०१८ मध्ये एक फेरारी २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली, ही बातमी सर्वांनी वाचली, पण त्या गाड्या एकूण चाळीससुद्धा बनल्या नव्हत्या. पॅलिओ हजारोंनी बनली.

तरीही ही गाडी चालवायचीच ओढ असेल, तर स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घ्या. १.६ ची २००१ मधली ती आवृत्ती शंभर अश्वशक्तीच्या घरातली, दणकट पत्र्याची आणि वळणावर घट्ट बसणारी गाडी होती. मला ती मनापासून आवडते. परंतु फियाटने भारतातली मोटारविक्री २०१९ मध्ये थांबवली, त्यामुळे सुटे भाग शोधण्याचे काम तुमचे तुम्हाला करावे लागेल. गाडीची जेवढी किंमत द्याल त्याच्या निदान निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. मागच्या बाजूला १.६ चे चिन्ह चिकटवलेली १.२ नाही ना, हे आरसीवरच्या इंजिनक्षमतेवरून पाहा. ही लबाडी सिटी व्हीटेकच्या बाबतीतही चालते. आणि समृद्धी महामार्गावर नेण्याआधी टायरच्या कडेचे चार आकडे वाचा, त्यात टायर बनल्याचा आठवडा आणि साल असते. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांचे टायर घेऊन तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० ने जाऊ नका.

प्रश्न : माझे सदर भागात पंचवीस वर्षांपासून गॅरेज आहे. जुन्या जोमदार गाड्या हीच माझी ओळख. हल्ली ग्राहक मोबाइलवर सुट्या भागाचा भाव दाखवून हुज्जत घालतात, स्वतः भाग आणून नुसते बसवून मागतात आणि तो भाग गेला तर मलाच बोल लावतात. जुने ग्राहकही पूर्वीसारखे राहिले नाहीत. विक्रीवाले त्रास देत नाहीत आणि पैसे वेळेवर देतात, म्हणून त्यांचीच कामे घ्यावीत असे वाटू लागले आहे. जुन्या ग्राहकांना कसे टिकवावे?
— एक मिस्त्री, सदर

उत्तर : उस्ताद, पहिल्या पत्रातले गॅरेज तुमचे आहे की नाही मला माहीत नाही, पण ते पत्र आपण अवश्य वाचावे. तिकडचा ग्राहक तुमच्यासारख्याला सोडून जाण्याच्या विचाराने कासावीस झाला आहे आणि इकडे तुम्ही ग्राहक बदलला म्हणता. दोघांमध्ये सरळ बोलणे झालेले नाही, एवढेच मला दिसते.

विक्रीवाल्यांची कामे जरूर घ्या, परंतु त्यांच्यावर विसंबू नका. विक्रीवाल्याला गाडी विकली जाईपर्यंत चालायला हवी असते, तर तुमच्या जुन्या ग्राहकाला ती पुढची दहा वर्षे हवी असते. लांबी भरून द्या, रंग मारून द्या, तेलाची गळती तात्पुरती थांबवा, असे तो सांगणार आणि उद्या ती गाडी नव्या मालकाच्या हाती बंद पडली की नाव मात्र तुमचे निघणार. बाजार थंडावला की विक्रीवाला दिसेनासा होतो. मग तुमच्याकडे कोण उरेल, याचा हिशेब आजच करा.

ग्राहकाला हुज्जत घालायला जागा मिळते ती एकरकमी बिलामुळे. ‘सगळे मिळून अठरा हजार’ म्हटले की त्याला वाटते, भागावरच खूप घेतले. सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगळी लिहा. मजुरी जी आहे ती ताठ मानेने लिहा, कारण तुम्ही पंचवीस वर्षांचा अनुभव विकत आहात आणि तो भागांच्या नफ्यात लपवण्याचे काही कारण नाही. काढलेले जुने भाग पिशवीत घालून ग्राहकाच्या हाती द्या. झिजलेला बुश बोटांनी दाबून पाहिला की माणूस वाद घालत नाही. ग्राहकाने आणलेला भाग बसवायला नाही म्हणू नका, पण त्याची हमी तुमची नाही आणि पुन्हा उघडावे लागले तर मजुरी पुन्हा लागेल, हे बिलावर लिहून त्याची सही घ्या. भिंतीवर एक फळा लावा आणि आलेल्या क्रमाने गाड्यांचे नंबर त्यावर लिहा. विक्रीवाल्याची गाडी आपल्यापुढे सरकली नाही, हे जुन्या ग्राहकाला त्या फळ्यावर दिसले की त्याची निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

परदेशात काही कंपन्यांनी आपल्या जुन्या गाड्यांची काळजी पुन्हा स्वतःकडे घेतली आहे. निस्सानने २०१७ मध्ये जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्राचे. आपल्याकडच्या काँटेसा, सिटी किंवा पॅलिओच्या मालकांसाठी असे कोणी उभे राहिलेले नाही. त्यांच्यासाठी कंपनी म्हणजे तुम्हीच, आणि तुमच्यानंतर कोण हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नसला तरी मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. मुले शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जातात, स्कॅनर लावायला शिकतात आणि कार्ब्युरेटर पाहून मागे सरकतात. एका मुलाला तरी हाताशी धरा, त्याला पगार नीट द्या आणि इंजिन ऐकायला शिकवा. त्याच्यासाठी मजुरी वाढवावी लागली तर ग्राहकांना तसे स्पष्ट सांगा. माझा अंदाज आहे की जुने ग्राहक ती आनंदाने देतील.

आणि त्यांना टिकवायचे असेल तर बिघाडाची वाट न पाहता आधी फोन करा. यंदा त्यासाठी कारणही आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरच्या वॉशर आणि पंपाचे पडदे त्याला सोसणारे नाहीत, ते फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो. तुमच्या वहीतल्या प्रत्येक जुन्या ग्राहकाला बोलावून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालून द्या. इंजिनाजवळून जाणारी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर बांधा, कारण आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की सिग्नलवर उभ्या काँटेसाच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चौकातच बसते. त्याच खेपेला रेडिएटर उतरवून साफ करा, थर्मोस्टॅट पाण्यात उकळून उघडतो का पाहा, फॅनचा स्विच आणि खालचा होज तपासा. एका गाडीला साधारण अर्धा दिवस लागेल. होळीच्या आधी सुरुवात केली, तर एप्रिलचे ऊन तापेपर्यंत तुमच्या वहीतली बहुतेक नावे पूर्ण होतील.